डाव्या दारातला साक्षीदार

"चष्म्याचा एवढासा स्क्रू पिळता आणि स्वतःला मेकॅनिक समजता! दाजी, हा गाण्याचा सेट तुम्ही एकट्याने गाडीत बसवून दाखवलात ना, तर आपली अर्धी मिशी उडवली, जा!"

मेहुण्याने असं बोलायला नको होतं. आणि आमच्या मालकाने ते मनावर तर मुळीच घ्यायला नको होतं. पण घेतलं ना! "वस्तरा शोधून ठेव," म्हणाला. झालं. तिथून माझे ग्रह फिरले.

मी कोण? मी त्याच गाडीच्या डाव्या दारातला स्पीकर बोलतोय. म्हणजे बोललो आयुष्यभर, पण सगळं दुसऱ्यांचं. आज पहिल्यांदा स्वतःचं बोलतोय, तर मध्ये मध्ये करू नका.

माझ्या अंगात आहे काय? काळ्या कागदाचा एक द्रोण, त्याच्यामागे तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि लोहचुंबक. बस्स. कारखान्यात आम्ही जुळे निघालो. भाऊ उजव्या दारात गेला, मी डाव्या. आयुष्यभर समोरासमोर, पण मध्ये कायम माणसांचे गुडघे. भावाचं तोंड मी अजून धड पाहिलेलं नाही.

आमचा पहिला मालक साबण विकत फिरायचा. बातम्या सोडून काही ऐकायचा नाही. बायकोचा फोन आला की आमचा आवाज बंद आणि त्याचाही बंद. त्याने गाडी विकली आणि आम्ही चष्म्याच्या दुकानदाराकडे आलो.

हा माणूस म्हणजे नमुना. जगात त्याला एकाच गोष्टीची भीती, ओरखड्याची. दिवसभर काचा पुसायच्या, गिऱ्हाइकांना ओरडायचं, "शर्टाला नका पुसू हो, ओरखडे पडतात!" गाडीची काचसुद्धा तो चष्म्याच्या मऊ फडक्याने पुसायचा. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून वाजवून थकायचे.

मालकीण शेजारी बसायची, म्हणजे माझ्या अगदी जवळ. तिचा डावा गुडघा माझ्या जाळीला टेकायचा. काय बोलायची बाई! इंजिन सुरू व्हायच्या आधी तिचं सुरू. माझ्या गाण्याचा नंबर लागायचा तो ती पाणी पिताना.

मग एक दिवस ती गाडीत बसली आणि काहीच बोलली नाही. मेंदूतली एक नस तुंबली होती म्हणे. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागली आणि शब्द तर सगळेच गेले. डोक्यात सगळं लख्ख, पण तोंडावर येईना.

तिला बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "बोलता येत नसलं तरी गाता येईल. रोज जुनी गाणी लावा. गाण्यातून शब्द परत येतील. पण खंड पडू देऊ नका."

घरात ती गाईना. शेजारी ऐकतील म्हणून लाजायची. पण गाडीत काचा वर केल्या की माझ्यासोबत हळूच सुरू व्हायची. चांदण्याचं एक जुनं गाणं होतं, त्यातला 'चांदणं' हा शब्द एके दिवशी अख्खा आला. मालकाने गाडी बाजूला घेतली आणि चष्मा काढून पुसत बसला. काचा स्वच्छच होत्या.

आणि नेमका तेव्हाच आमचा जुना कॅसेटवाला सेट मेला. मेहुणा, म्हणजे मालकिणीचा धाकटा भाऊ, इमारतींच्या वायरिंगची कामं करतो. त्याने नवा सेट आणला आणि वर ती पैज लावली.

रविवारी दुपारी दुकानासमोर गाडी लावून मालक कामाला लागला. मालकीण तिच्या जागेवर, दार उघडं. पट्ठ्याने भिंगातून कागद वाचून सगळ्या तारा बरोब्बर जोडल्या. शेवटी राहिली काळी तार. ती गाडीच्या पत्र्याला आवळायची. तिला अर्थिंग म्हणतात. मेहुण्याने बजावलं होतं, "आधी पत्र्याचा रंग खरवडा. पॉलिश पेपर देऊन ठेवलाय."

मालकिणीच्या डाव्या पायाशी चटईखाली जागा होती. मालकाने पॉलिश पेपर हातात घेतला, रंगाजवळ नेला आणि त्याचा हात थांबला. तीस वर्षं ओरखड्यांपासून काचा जपणारा हात तो, मुद्दाम ओरखडा कसा काढणार? इकडे तिकडे पाहिलं, पेपर खिशात टाकला, पत्रा मऊ फडक्याने पुसला, रंगावरच तार आवळली आणि वर चटई ओढली.

मालकिणीने पाहिलं. मीही पाहिलं.

मेहुणा आला. सेट लावला तर गाणं झकास! "पत्रा घासलात ना, दाजी?"

"म्हणजे काय! चकचकीत!"

मेहुणा शब्दाचा पक्का गडी. तिथेच दुकानाच्या आरशासमोर अर्धी मिशी उडवली. समोरचा शिंपी कात्री टाकून पाहायला आला. सगळ्यात जास्त हसला मालक. मग ऐटीत त्याने इंजिन सुरू केलं.

कुंईंईंईं!

माझ्याच तोंडातून. गाडीचा वेग वाढवला की तो आवाज पण वर वर चढायचा, कानाशी डास धरल्यासारखा. आता मी काय करणार? विजेला आत येऊन परत जायला वाट लागते. ती वाट रंगाने अडवली, मग ती बया एरियलच्या तारेतून वळसा घालून जायला लागली. जाताना इंजिनाजवळच्या वीज बनवणाऱ्या यंत्राची कुरकुर सोबत घेऊन यायची. ओकायचो मात्र मी.

मेहुण्याने आवाज कमी केला, कुंई तेवढीच. इंजिन बंद केलं, कुंई गायब. मग कुरकुर गाळणारा फिल्टर बसवला, माझ्या तारा दुसरीकडून ओढल्या, बॅटरीची टोकं घासली. दर वेळी विचारायचा, "अर्थिंग पक्कं आहे ना?"

"किती वेळा सांगू?" मालक खेकसायचा. समोर अर्धी मिशी दिसत असताना खरं बोलायचं कोणत्या तोंडाने?

मालकीण डावा हात कानावर धरायची आणि डावा पाय चटईवर आपटायची. ठक, ठक.

"पाय दुखतोय का गं?" म्हणून मालक तिथे उशी ठेवायचा. ती अशी बघायची त्याच्याकडे! मी आणखी जोरात कुंई करायचो. साक्षीदार दोन, आणि दोघंही मुके.

कुंई भावाच्याही तोंडातून यायची, पण मालकिणीजवळचा मी, म्हणून शेवटी आळ आला माझ्यावर. "कागद वाळलाय याचा. म्हातारा झालाय," मेहुणा म्हणाला. चार स्क्रू काढले, तारा कापल्या आणि मला दुकानाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं, मोडक्या चष्म्यांच्या ढिगात. मोडक्या चष्म्यांशी काय बोलणार? ते नुसते बघत बसतात.

एक गुपित सांगतो. आम्हा स्पीकर लोकांना ऐकूही येतं. तुम्ही बोललात की आमचा कागद हलतो. त्या ड्रॉवरमध्ये मी गिऱ्हाइकांचं तक्त्यावरची अक्षरं वाचणं ऐकलं, दुपारी कोणी नसताना मालकाचे उसासे ऐकले. तिचा आवाज मात्र नाही. माझ्या जाळीला कोणाचा गुडघा टेकत नव्हता. तुमच्या गाडीत अशी कुंई आली तर एवढंच करा, आधी चटईखाली बघा. आमचा गळा नंतर धरा.

महिनाभराने मेहुणा आला. मालक ड्रॉवर उघडून स्क्रू शोधत होता.

"दाजी, ताई आज गाडीत बसेना. नवीन स्पीकरमधून पण तीच कुंई. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आलेले शब्द परत गेलेत. चांदणं पण गेलं." त्याचा आवाज फाटला. "मीच स्वस्तातला सेट आणला. माझ्यामुळे ताई मुकी राहणार."

स्क्रू मालकाच्या हातातून माझ्यावर पडला.

"सेट चांगला आहे रे."

"मग?"

"मी पत्रा नाही घासला."

"मी महिनाभर अर्धी मिशी घेऊन फिरतोय, दाजी."

"माहितीये. माझ्या भुवया काढ. पण आधी तो पॉलिश पेपर घे. चल."

ड्रॉवर उघडाच राहिला. गाडी दारातच होती. चटई ओढल्याचा आवाज आला, मग खर्र खर्र, खर्र खर्र. मालक स्वतः घासत होता, मेहुणा म्हणत होता, "अजून. अजून. पत्रा दिसू दे." मग मालक दुकानामागच्या घरातून तिला हाताला धरून घेऊन आला. इंजिन सुरू झालं, जागच्या जागी त्याचा वेग वाढवला. कुंई नाही! भावाच्या आणि त्या नव्या पोराच्या तोंडून चांदण्याचं गाणं स्वच्छ वाहायला लागलं. मला परत लावायचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही. असू दे.

पण ती गाईना. मालकाने गाणं बंद केलं.

"अगं, तुला पण सांगायचंय. मी खोटं बोललो. रंग खरवडलाच नव्हता. लाज वाटली म्हणून महिनाभर गप्प बसलो, आणि शब्द गेले तुझे."

चटईवर तिचा डावा पाय. ठक, ठक.

"मा… हीत," ती म्हणाली.

ती आणखी काहीतरी जुळवत होती. माझा कागद ताणून ताणून मी ऐकत होतो. आणि आला एकदाचा शब्द, अख्खा, खणखणीत, एकही खरखर नसलेला.

"गाढव."

"हो," मालक म्हणाला. "मीच."