भातात दोन ए

स्वानंदचा फोन परवापासून बंद लागत होता. सीएच्या परीक्षेत तो पुन्हा नापास झाला तेव्हा त्याचा बाप चारुदत्त म्हणाला, "माझ्या घरातलं नेटसुद्धा मिळणार नाही तुला," आणि पोराच्या देखत त्याने वायफायचा पासवर्ड बदलला. पोरगा पायात चप्पल सरकवून निघाला, तो गेलाच.

मित्र झाले, मावश्या झाल्या, पोलीस चौकी झाली. कालच गच्चीही पाहून झाली. खांदा कॉलनीतल्या त्यांच्या शेवटच्या मजल्यावरच्या घरात तिन्हीसांज उतरली, तरी शशिकलाचे हात दिव्याकडे वळेनात.

चारुदत्तने लॅपटॉप उघडला. आयुष्य कंपन्यांची नेटवर्क सांभाळण्यात गेलेलं. काही बिघडलं की तो माणसांना विचारत नसे, लॉग वाचत असे. यंत्र आपल्याशी काय घडलं ते ओळीओळीने लिहून ठेवतं, लाजत नाही, रुसत नाही. आता विचारायला माणूसच उरलं नव्हतं. त्याने घरच्या राउटरचा लॉग उघडला.

"त्यात काय बघताय? तो घरात आहे का?"

"बघू तर दे गं."

ओळी सरकल्या. मग त्याचं बोट थांबलं. दुपारपासून एकच फोन, पुन्हा पुन्हा. पासवर्ड चुकीचा, नाकारला. पासवर्ड चुकीचा, नाकारला.

"शशी, हा स्वानंदचा फोन. सिम काढलं असणार, पण फोन चालू आहे. जुना पासवर्ड घेऊन आपोआप दार वाजवतोय आपलं."

"आणि तुमचा राउटर काय करतोय?"

"हाकलतोय."

शशिकलाने तोंडावर पदर दाबला. आतून हुंदका आला तो ओवीसारखाच आला, "दारी आला माझा राघू, दार त्याला वळखेना..."

"ऐक. आपली रेंज लिफ्टपर्यंतही जात नाही. खालून नाही हे. इथेच कुठेतरी..."

दोघांनी एकदमच वर छताकडे पाहिलं.

"आधी ते दार उघडा त्याला!" ती ओरडली. "जुनं टाका! तोंडलीभात!"

पासवर्ड तिनेच ठेवलेला, लेकाच्या आवडीचा. पाहुणे इंग्रजीत लिहिताना हमखास चुकायचे, आणि आतल्या खोलीतून स्वानंदची आरोळी यायची, "भातात दोन ए!"

चारुदत्तने राउटरची सेटिंग उघडली. अक्षरं बसली. राउटरचा दिवा विझला, लुकलुकला, स्थिर झाला. लॉगमध्ये नवी ओळ उमटली: जोडला.

शशिकलाच्या फोनवर, परवापासून एका खुणेवर अडकलेल्या "जेवलास का रे?" या मेसेजला दुसरी खूण आली.

चारुदत्त अनवाणीच जिना चढला. गच्चीच्या दाराला पलीकडून कडी. त्याने थाप मारली. पुन्हा मारली. कठड्यावरून येणारा वारा तेवढा फटीतून शीळ घालत होता. रागवायचे शब्द त्याच्याकडे पुष्कळ होते, बोलवायचा एक सापडेना.

"स्वानंदा," तो दाराला गाल लावून म्हणाला, "तोंडलीभात."

वारा. नुसता वारा.

"भातात... दोनच ए ना रे?"

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. मग, फार हळू, कडी करकरली.