बघू

त्याचं खरं नाव आता पासपोर्टापुरतंच उरलं होतं. बाकी सगळीकडे तो ससा. ड्रम वाजवणारा माणूस दांडगा, बेफिकीर असतो असा लोकांचा समज. हा मात्र स्वतःच्याच झांजेला दचकायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, याच्या पाठी त्यांची अख्खी वसाहत होती.

वडिलांचं सोफे दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद झालं की फोमच्या थप्प्यांमध्ये चौघे वाजवत बसायचे. ताई गायची, दोन मित्र गिटार आणि बेस वाजवायचे आणि मागे ससा. फोममुळे शेजाऱ्यांची झोपमोड होत नसे. बँडचं नावही तिथेच सापडलं, 'फाटका सोफा'. सशाच्या स्टुलाला बाबांनी उरलेल्या लाल रेक्झिनची गादी शिवून दिली होती. बाबा तोलूनमापून बोलत. सायकल हवी? "बघू." सहलीला जाऊ? "बघू." त्या घरात बघू म्हणजे नाही, हे दोघा भावंडांना कळायला लागल्यापासून ठाऊक होतं.

पहिला कार्यक्रम फर्निचरवाल्यांच्या वार्षिक जेवणात झाला. ताईचं गाणं संथ होतं, बाळाला थोपटताना म्हणावं तसं. दिवे डोळ्यांवर आले, सशाची पाचावर धारण बसली आणि मागे कुत्रं लागल्यासारखं त्याने "एक-दोन-तीन-चार" मोजून टाकलं. ताईला शब्दांमागे धावावं लागलं. लोकांनी ताटं बाजूला ठेवली आणि ते उठून नाचायला लागले. गाणं मग तसंच राहिलं. कुणीतरी ते फोनवर टिपलं आणि बघता बघता ते भलत्याच देशांत गाजलं. कॉलेजांची मैदानं झाली, मोठी सभागृहं झाली, मग विमानं सुरू झाली. ससा प्रत्येक ठिकाणी नव्याने घाबरायचा आणि गाणं प्रत्येक ठिकाणी धावायचं. लोकांना वाटे, काय हा जोश!

आजचं मैदान चाळीस हजारांचं होतं. सात वाजता कार्यक्रम, आणि तो टीव्हीवरून थेट साऱ्या जगात दिसणार. दिवे आणि पडदे एका मशीनला जोडलेले होते. त्या मशीनची टिकटिक सशाच्या कानात वाजणार आणि त्याने फक्त तिच्याबरोबर चालायचं, एवढंच काम होतं. दुपारच्या तालमीत तो तीनदा पुढे पळाला. गाणं संपलं तेव्हा पडद्यावरचा सूर्य अर्धाच उगवला होता. मशीनवाल्याने हेडफोन काढून कपाळाला हात लावला.

थोड्या वेळाने कपड्यांच्या खोलीबाहेरून जाताना सशाला आतून मॅनेजरचा आवाज ऐकू आला. तो ताईशी बोलत होता.

"एका कार्यक्रमाचा तर प्रश्न आहे. इथला एक वादक आहे, मशीनबरोबर झोपेतही वाजवेल. भावाला बाजूला खंजिरी देऊ. बोलावू का त्या वादकाला?"

मग ताई म्हणाली, "बघू."

मॅनेजर स्वतः 'बघू' म्हणाला की ते झालंच म्हणून समजायचं; परदेश दौऱ्याला तो बघू म्हणाला आणि आठवड्यात तिकिटं हातात पडली. तीन वर्षं सगळे तीच भाषा ऐकत होते. म्हणजे ताईने होकार दिला होता. आता ती येईल, शेजारी बसेल, प्रेमाने सांगेल. ते ऐकायची त्याची छाती नव्हती. हाकलून देण्याआधी आपणच निघालेलं बरं, असं ठरवून तो मॅनेजर एकटा सापडताच त्याच्याकडे गेला.

"त्यालाच बसवा. मी खंजिरी वाजवतो."

मॅनेजरने त्याला मिठीच मारली. "मोठ्या मनाचा आहेस रे!"

मोठं मन कसलं, जीव मुठीत धरून उभा होता तो. आणि बोलून टाकल्यावर त्याला चक्क हलकं वाटलं, याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

सातला दहा कमी असताना ताई स्टेजच्या कडेला आली. समोर लाल स्टुलावर एक अनोळखी माणूस बसून पायाने ड्रम तपासत होता.

"हा कोण?"

"मीच बसवायला सांगितलं. तू बघू म्हणालीस ना मॅनेजरला."

ताईचा चेहरा उतरला. "अरे, बघू म्हणाले मी. बघू! कुणाच्या घरात वाढलास तू?"

ताईने त्याचं मनगट धरलं. तिचा हात बर्फासारखा गार होता, आणि एवढ्या वर्षांत हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं.

"तू मोजल्याशिवाय मला सुरुवातच करता येत नाही रे. मागे तू घाबरलेला असतोस, म्हणून मी पुढे उभी राहू शकते. गेलं खड्ड्यात ते मशीन. जा, उठव त्याला. अजून आठ मिनिटं आहेत."

स्टूल वीस पावलांवर होतं. पलीकडच्या अंधारातून चाळीस हजार माणसांचा आवाज येत होता. तो अनोळखी माणूस ताल धरून बघत होता, आणि त्याचा एकही ठोका चुकत नव्हता. सशाच्या हातातली खंजिरी आपोआप वाजायला लागली, म्हणून त्याने ती पोटाशी धरली.

"जाशील ना?" ताईने विचारलं.

"बघू," ससा म्हणाला.

ताईने त्याचं मनगट सोडलं आणि ती एकटीच दिव्यांकडे चालू लागली.