दोन वॉर्डांमधला साकव

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, म्हणून मला भीती वाटत नसेल असं तुम्हाला वाटतं. वाटते हो, फार वाटते. मी एक जुना साकव आहे. साकव म्हणजे ओढ्यावरचा अरुंद पूल. माणूस चालत जाईल, फार तर सायकल हातात धरून नेईल, एवढाच. शिराळ्यापासून तासाभराच्या वाटेवर डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव आहे. माझं एक टोक गावठाणात शाळेजवळ आहे आणि दुसरं मळ्याच्या वस्तीत. वस्तीतली तेवीस मुलं रोज माझ्यावरून शाळेला जातात आणि तेवीस परत येतात. मी रोज मोजतो. तेवीस झाली की मगच मला चैन पडतं.

वीस वर्षांपूर्वी एका मे महिन्यात माझा जन्म झाला. त्याआधी लोक दोन ओंडक्यांवरून ओढा ओलांडायचे आणि पावसाळ्यात वस्तीतल्या पोरांची शाळा बुडायची. ग्रामपंचायतीनं थोडा निधी दिला, गावकऱ्यांनी श्रमदानातून दोन्ही काठ दगडांनी बांधले आणि वस्तीवरच्या बादशहाभाई वेल्डरनं मला जोडलं. जोडताना ते माझ्याशी बोलायचे. "गड्या, पोरं जाणार हायती तुज्यावरनं. लाज राख माजी." पहिल्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, सगळं गाव माझ्यावरून एकदा पलीकडं जाऊन आलं. काय तो माझा रुबाब! मला वाटलं, आता मला कशाचीही भीती नाही.

पण पाणी आणि लोखंड यांचं कधी पटत नाही. दर पावसाळ्यात ओढ्यातून झाडांच्या फांद्या येतात आणि माझ्या पोटावर आदळतात. वरून मी बरा दिसतो, पण खाली वाकून कोण बघतो? मला तोलून धरणारे खालचे दोन लोखंडी अँगल जुन्या तव्याच्या कडेसारखे पातळ झाले आहेत. काही नट-बोल्ट तर नावापुरतेच उरले आहेत. पावलं पडली की मी करकरतो. मुलांना तो आवाज आवडतो, म्हणून ती मुद्दाम उड्या मारतात. "मारू नका रे!" असं मी जीव तोडून सांगतो, पण त्यांना ऐकू येते ती पुन्हा करकरच.

तुम्ही म्हणाल, मग पंचायतीनं दुरुस्ती का केली नाही? तिथंच तर माझं नशीब आडवं येतं. आमच्या पंचायतीत तीन वॉर्ड आहेत. छोट्या कामांसाठी जो काही निधी येतो, त्याचे सारखे तीन वाटे होतात. कुणी रुसायला नको, कुणी भांडायला नको! ज्याचा वाटा त्यानं आपल्या वॉर्डात खर्चायचा. आणि वॉर्डांची हद्द जाते ओढ्याच्या मधोमध, म्हणजे बरोबर माझ्या पोटाखालून. गावठाणाचे सदस्य जयराज म्हणतात, "साकव वस्तीवाल्यांचा. वापरतंय कोण?" वस्तीचे सदस्य जोतीराम म्हणतात, "चढायचं तर तुमच्याच दारातनं हाय की!" दोघंही माणसं वाईट नाहीत. पण मी दोघांचा आहे, म्हणून कुणाचाच नाही.

गेल्या वर्षी दोघांनी मन मोठं करून थोडा थोडा निधी दिला. तेवढ्या पैशांत मला हिरवा-पिवळा रंग लागला आणि दोघांच्या नावाची पाटी बसली. लोक म्हणाले, "लय भारी दिसतोय गड्या!" माझ्या मात्र काळजाचं पाणी झालं. आधी निदान माझा गंज तरी दिसत होता. आता तोही झाकला गेला.

यंदा नागपंचमी होऊन गेली तरी ओढा उतरला नव्हता. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं. मुलं आत वर्गात बक्षीस समारंभाला बसली आणि बाहेर पटांगणात ग्रामसभा भरली. शाळा माझ्या टोकालाच आहे, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. सरपंच संयोगिताताईंनी विचारलं, "पुढल्या वर्षाच्या आराखड्यात काय काय घ्यायचं?"

जयराज उठले. "आमच्याकडं बसथांब्याला शेड पायजे. म्हातारी माणसं पावसात भिजत्यात." जोतीरामना मंदिरापुढं फरशी हवी होती. तिसऱ्या वॉर्डानं गटार मागितलं. सगळ्यांच्या मागण्या रास्त होत्या. ग्रामसेवक लिहून घेत होते. माझं नाव निघेना.

मग मागून काठी टेकत बादशहाभाई पुढं आले. आता त्यांना फारसं दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. ते म्हणाले, "आवं सरपंचताई, सकाळी मी काठावरनं वाकून साकवाला खालनं हातोडी मारून बघितली. लोखंड बोलत न्हाई, नुसतं बद्द वाजतंय. मीच बनीवलाय त्यो. मीच सांगतोय, त्यो धोक्याचा हाय."

"आवं चाचा, वर्साखाली तर रंग दिलाय," जयराज म्हणाले.

"व्हय, दिलाय. मग असं करा, ही सभा त्याच्यावरच घ्या. या समदी, उभं ऱ्हावा मधोमध."

सगळे हसत हसत माझ्या टोकापर्यंत आले आणि तिथं थबकले. खाली गढूळ पाणी घोंघावत होतं. जयराजनी जोतीरामकडं बघितलं, जोतीरामनी ग्रामसेवकाकडं. ग्रामसेवकानं फायली छातीशी धरल्या. एकानंही माझ्यावर पाय ठेवला नाही. मला वाईट वाटलं नाही, उलट हायसं वाटलं. एकदाचं कळलं यांना!

आणि तेवढ्यात शाळा सुटली.

हातात खाऊच्या पुड्या घेऊन मुलं धावत सुटली. मोठ्यांच्या पायांतून वाट काढत ती रोजच्यासारखी माझ्यावर आली. एक, दोन, चार, सात! सगळ्यांत पुढं बादशहाभाईंची नात झोया होती. माझ्या पोटातला एक बोल्ट तुटला. पायाखालचा पत्रा वीतभर कलला. झोयाची पुडी निसटून पाण्यात पडली आणि दिसेनाशी झाली. "पळू नका! हळू, हळू या!" संयोगिताताई किंचाळल्या. मी होतं नव्हतं ते सगळं बळ एकवटलं. मित्रांनो, मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. सातही जणं पलीकडं पोचली आणि वळून हात हलवू लागली. काय झालं ते त्यांना कळलंच नव्हतं.

जयराजनी मागून येणाऱ्या मुलांना हात आडवे करून अडवलं. जोतीराम ग्रामसेवकाकडं वळले. "माज्या वॉर्डाचं सगळं साकवाला लिवा," ते म्हणाले. "माजंबी," जयराज म्हणाले, "शेडचं पुढं बघू." सगळ्यांनी हात वर केले आणि ठराव झाला. उरलेल्या सोळा मुलांना मोठी माणसं लांबच्या पुलानं घरी घेऊन गेली.

पण ठराव झाला म्हणजे काम झालं असं नसतं. इंजिनिअर येणार, अंदाजपत्रक होणार, मंजुरी येणार, पाऊस थांबणार, मग काम सुरू होणार. तोवर साकव बंद. बादशहाभाईंनी दोन्ही टोकांना आडवे बांबू बांधले आणि जाताना माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "दम धर, गड्या."

मी दम धरला आहे. पण मित्रांनो, लांबचा पूल तीन किलोमीटरवर आहे आणि बांबूखाली वाकायला एक क्षण पुरतो. परवा दोघं वाकून आले. काल पाच. वरून बघणाऱ्याला तुटलेला बोल्ट दिसत नाही, रंग तर अजून छान आहे. मी तुमच्या पाया पडतो, लांबून जा. उशीर झाला तर गुरुजी रागावतील, तेवढंच. मी आजवर तुम्हाला कधी नाही म्हटलं नाही, आज म्हणतो. माझ्यात किती जीव उरला आहे ते मलाच ठाऊक नाही.

आता शाळेची वेळ झाली आहे. ओढा कालच्यापेक्षा चढला आहे. वस्तीच्या टोकाला बांबूपाशी कुणीतरी दप्तर पाठीवरून काढून हातात घेतलं आहे आणि खाली वाकतं आहे.

नको बाळा. मागं फीर.