मशीन ठरवतं म्हणे

यंत्रावर माझा विश्वास नाही, असं कुणी म्हणू नये. माझ्या शेडमध्ये बारा शिलाई मशीन चालतात आणि त्यातलं कुठलं कुरकुरतंय ते मी पाठमोरी बसून सांगते. पण शिलाई मशीन काय करतं ते डोळ्यांना दिसतं. सुई खाली गेली, वर आली, टाका पडला. त्या टॅबचं तसं नव्हतं. काचेवर बोट ठेवलं की आत काहीतरी हलायचं, आणि आत कोण बसलंय ते कळायची सोय नव्हती.

एका संस्थेने पोरांना इंग्रजी शिकवायचं ठरवलं होतं. शाळेत दुपारनंतर वीज नसायची आणि माझ्याकडे असायची, म्हणून टॅब माझ्या शेडमध्ये आले. आठ टॅब, आठ पोरं. सहा माझ्याकडे शर्ट शिवणाऱ्या बायकांची, एक कटिंग मास्तरची आणि एक माझी नात. तीन ते पाच कोपऱ्यात सतरंजीवर बसायचं आणि टॅब म्हणेल ते त्याच्यामागून म्हणायचं. प्रत्येक टॅबच्या पाठीवर एकेका पोराचा फोटो चिकटवलेला.

दर शुक्रवारी हे सगळं बघायला एक तरुण यायचा. गळ्यात कायम ओळखपत्राचा निळा पट्टा, म्हणून मी त्याला पट्टेवाला म्हणायचे.

"आजी, मी सुपरवायझर आहे," तो पहिल्याच दिवशी म्हणाला.

"असशील. मला सांग, हे डबडं ऐकतं का?"

"हो, पोरांचे उच्चार ऐकतं."

"फक्त उच्चार? आणि घरातली भांडणं?"

तो हसला. हसणाऱ्या माणसाने उत्तर दिलेलं नसतं, हे मी आयुष्यभर पाहिलंय. त्या दिवसापासून पाच वाजले की आठही टॅबवर मी जाड चादर टाकायची.

"अहो आई, बंद आहेत ते," सून म्हणायची.

"चोरसुद्धा डोळे मिटून पडतो."

तरी मी टॅब शेडमध्ये ठेवून घेतले, त्याला कारण होतं. सहा महिन्यांनी ज्या तीन पोरांचे गुण सगळ्यात जास्त, त्यांना शहरातल्या मोठ्या शाळेत जागा मिळणार होती. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं तिथेच. मला चौथीतून उठवून मशीनवर बसवलं. सुनेला सातवीतून. नातीला कुणी उठवायचं नाही, हे मी ती पाळण्यात होती तेव्हाच ठरवलं होतं. तिला सगळे टाचणी म्हणतात. बारीक, सरळ, आणि चुकून हात लागला तर टोचणारी. दोन महिन्यांत ती दोऱ्याच्या खोक्यांवरचं इंग्रजी घडाघडा वाचायला लागली. मांजरीला इंग्रजीतून दटावायची. ती जाणार, यात मला शंकाच नव्हती.

सहा महिने भरले आणि यादी आली. पहिली गोटी, कटिंग मास्तरची मुलगी. टाचणी आठवी, म्हणजे शेवटची.

"पुन्हा बघ," मी पट्टेवाल्याला म्हटलं.

"बघितलं, आजी. मशीन ठरवतं. माझ्या हातात काही नाही."

आता मला सांगा, ज्याच्या हातात काही नसतं तो माणूस हात खिशात का घालतो? याने घातले होते. मला आठवलं, मागच्याच महिन्यात मास्तरने या पट्टेवाल्याच्या शर्टाची मापं घेतली होती. माझ्या टेबलापाशी, माझ्या टेपने. म्हटलं, असं आहे होय!

मी गोटीला बोलावलं. गोल चेहऱ्याची, गरीब पोर. "चल, मला इंग्रजीत सांग, तू सकाळी उठून काय करतेस?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मग पायाच्या अंगठ्याकडे. मग तिचे डोळे भरले.

मला हवं ते मिळालं होतं. बायका मशीनवर होत्या, मास्तर टेबलावर कापड पसरत होता. मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "काय मास्तर, साहेबांना शर्ट बरोबर बसला ना?"

"बसला की, मावशी. का?"

"नाही, जागा पण बरोबर बसली, म्हणून विचारलं. गोटीची."

मशीन एकेक करत थांबली. मास्तरने कात्री खाली ठेवली. "कापड त्याचं होतं, शिलाई त्याने दिली. चौदा वर्षं या टेबलावर कापतोय मी. वीतभर कापड घरी नेलं नाही."

"कापड नाही नेलंस. माझ्या नातीची जागा नेलीस."

त्याने गोटीचा हात धरला आणि पाच वाजायच्या आत घरी गेला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी आला, पण मान वर न करता कापत राहिला. मावशी म्हणून हाक नाही, काही नाही.

मला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. उलट संशय वाढतच गेला. मास्तरने गोटीची सोय केली असेल, पण बाकी सहा जण टाचणीच्या पुढे कसे? तेवढे शर्ट कुणी शिवले? म्हणून त्या दुपारी मी माझं स्टूल फिरवून कोपऱ्याकडे तोंड करून बसले. हातात तुटक्या बटणांचा डबा, नजर पोरांवर.

तीनला पोरं बसली. चारपर्यंत ठीक चाललं. मग गोटी अडली. टाचणीने आपला टॅब सतरंजीवर ठेवला आणि हात पुढे केला. "आण इकडे." गोटीचा टॅब घेतला, त्यात पटापटा बोलली, बोटं फिरवली. टिंग झालं. टॅब परत. मग पलीकडच्याचा. "तुझं किती राहिलं? दे." दोन पोरं आपलं आपण करत होती, काजवालीची थोरली आणि इस्त्रीवालीचा मुलगा. त्यांचंही शेवटचं पान तिनेच उरकलं. पाचला दहा मिनिटं असताना ती आपल्या टॅबकडे वळली. चार वाक्यं म्हणाली असेल, तोवर पाच वाजले आणि टॅब आपोआप बंद झाला.

माझ्या हातातला डबा तसाच राहिला.

"टाचणे, इकडे ये. दुसऱ्यांचं तू का करतेस?"

"राहतं ना त्यांचं."

"आणि तुझं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काही वेडंवाकडं विचारतेय. "आपलं शेवटी, आजी. तूच सांगतेस ना."

मी सांगते. खरंच सांगते. आमच्या शेडचा नियम आहे तो. सकाळी प्रत्येकीला गठ्ठा वाटला जातो, संध्याकाळी माल न्यायला गाडी येते. गाडी यायच्या आत सगळे गठ्ठे संपायला हवेत, नाहीतर सगळाच माल परत. म्हणून जिचा हात मोकळा झाला, तिने शेजारणीचं उरलेलं ओढून घ्यायचं. आणि मालकाच्या घरचा गठ्ठा सगळ्यांत शेवटी, कारण मालकीण आधी आपलं उरकून बसली की बायका हात आखडतात. हा नियम मी सासूकडून घेतला, सुनेला दिला आणि पोरीला दुधाबरोबर पाजला. टॅबवरच्या फोटोला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, गोटी हुशार आणि माझी टाचणी आळशी.

त्या रात्री मी ताट परत केलं. सुनेने विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

शुक्रवारी पट्टेवाला आला. त्याला मी नळापाशी बाजूला घेतला आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. त्याने आधी मागे कुणी आहे का ते बघितलं.

"आजी, हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"सांगूच नका. तुमचं केंद्र सगळ्यात पुढे आहे. ऑफिसात फोटो लागलाय. असं कळलं तर केंद्र बंद करतील, टॅब नेतील, माझं काय होईल ते वेगळंच." तो जवळ सरकला. "तुम्हाला नातीची जागा हवी ना? मी घालतो तिचं नाव. गोटीचं काढतो. कुणी विचारणार नाही."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. जागा समोर ठेवलेली होती, हात पुढे करायचा अवकाश. त्यातून गोटी तिथे जाऊन करणार काय? आठ दिवसांत तिला रडवून परत पाठवतील. म्हणजे यात तिचंही भलंच. मन असं भराभर टाके घालत गेलं. पण मग माझंच वाक्य मला ऐकू आलं, सगळ्यांसमोर मास्तरला म्हटलेलं. मी आता तेच करत होते. फक्त शर्ट न शिवता.

"थांब," मी म्हटलं. "तू नाव घालू शकतोस, काढू शकतोस. मग इतके दिवस मशीन ठरवतं म्हणून कुणाला सांगत होतास?"

तो गळ्यातला पट्टा चाचपायला लागला.

"चल आत. बस त्या स्टुलावर. आठही पोरांना तोंडी विचार. मास्तरीणबाईंना मी शाळेतून बोलावते. जे येईल त्यावर यादी लिही."

"असं नियमात नाही, आजी."

"नाव बदलणं आहे का नियमात?"

बाराही मशीन बंद केली. असं आम्ही कुणी मेल्याशिवाय करत नाही. शाळेतल्या मास्तरीणबाई आल्या, घाम पुसत पट्टेवाल्याशेजारी बसल्या, आणि एकेका पोराला पुढे बोलावलं. काय खाल्लं, घरात कोण कोण, चित्रात काय दिसतं, असे साधे प्रश्न. गोटी उभी राहिली तेव्हा मागून काहीतरी कुजबुजल्यासारखं वाटलं. बघते तर टाचणीचे ओठ हलतायत. तिला मी दंडाला धरून दाराबाहेर उभी केली, तोंड रस्त्याकडे करून.

"पण आजी, तिचं राहील ना!"

"राहू दे."

आणि तिचं राहिलं. आणखी चौघांचं राहिलं. मास्तर कात्रीशी उभा राहून ऐकत होता, आपल्या मुलीला एकही उत्तर येत नाही हे. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

टाचणीला मी सगळ्यांच्या शेवटी बोलावलं. तिने इतकं बोलून टाकलं की मास्तरीणबाईंनाच तिला थांबवावं लागलं. काय बोलली मला कळलं नाही. बायका माझ्याकडे बघून हसत होत्या, त्यावरून बरं बोलली असावी.

तीन नावं झाली. टाचणी, काजवालीची थोरली, इस्त्रीवालीचा मुलगा.

"ऑफिस विचारेल, आकडे का बदलले," पट्टेवाला पुटपुटला.

"लिही, तोंडी परीक्षा घेतली. यात खोटं काय आहे? आणि बाईंची सही घे खाली."

मग मी मास्तरच्या टेबलापाशी गेले. "मास्तर, शर्टाचं बोलले ते मागे घेते."

"मागे घेऊन ठेवणार कुठे, मावशी? सगळ्यांनी ऐकलंय."

"म्हणून तर सगळ्यांसमोर घेतेय. चुकलं माझं."

हे दोन शब्द माझ्या तोंडून शेडमध्ये याआधी कुणी ऐकले नव्हते. मास्तरने कापडावरची खडूची रेघ बोटाने पुसली, पुन्हा ओढली. "पुढची यादी सहा महिन्यांनी आहे ना?" एवढंच म्हणाला. "गोटी उद्यापासून माझ्या टेबलाखाली बसेल. एकटी."

सतराव्या दिवशी शाळेचं पत्र आलं. इंग्रजीत.

"आजी, माझं नाव आहे!" टाचणी ओरडली.

तुझं नाव तू वाचणारच, म्हटलं मी, आणि पत्र मास्तरीणबाईंकडे नेलं. त्यांनीही तेच वाचलं. पण यादीखाली सही त्यांचीच, त्या दुसरं काय वाचणार? मग पाऊण तास चालत मी पार पलीकडच्या गल्लीतल्या औषधवाल्याकडे गेले. तो ना मला ओळखत होता, ना पोरीला. कशाचं आहे ते न सांगता कागद पुढे केला.

त्याने चष्मा लावून वाचलं. मुलीचं नाव, वर्ग, हजर व्हायची तारीख. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

घरी आले आणि सुनेला म्हटलं, "माळ्यावरची ट्रंक खाली काढ."