मध्यंतरानंतर जरा जड आहे

मी गादी बोलतेय. राजाची नव्हे. तिच्यासाठी रक्त सांडावं लागतं म्हणे. मी सिनेमाच्या थिएटरातली गादी. पुढच्या खुर्चीत कुणी धिप्पाड माणूस येऊन बसला की मागच्या लहान मुलाला पडदा दिसत नाही. मग त्या मुलाच्या खुर्चीवर जी जाडजूड चौकोनी गादी ठेवतात, ती मी. माझ्यावर बसण्यासाठी काही सांडावं लागत नाही, पण बसल्यावर मुलं बरंच काही सांडतात. सरबत, लाह्या, आईस्क्रीम, आणि फारच घाबरली तर आणखीही काही. मी कधी तक्रार केलेली नाही.

माझा जन्म इथलाच. पडद्यापुढचा जुना मखमली पडदा विरला, तेव्हा मालकीणबाईंना तो टाकून देववेना. खुर्च्यांची कव्हरं शिवणाऱ्या बाईंना बोलावून त्यांनी त्याचे चौकोन कापवले, पोटात स्पंज भरला आणि आम्ही भावंडं जगात आलो. अस्सल मखमल असल्यामुळे माझ्या अंगात थोडा ताठा आहे, हे मी कबूल करते. एका कोपऱ्याची चेन बिघडलीय, तिथे सेफ्टीपिन लावलीय, पण ताठा अजून गेलेला नाही.

आमचं नशीब मात्र सुट्ट्यांवर चालतं. प्रेमाचे आणि मारामारीचे सिनेमे लागले की आमची रवानगी जिन्याखालच्या कपाटात, झाडू आणि बादलीच्या शेजारी. तिथे महिनोन् महिने कुणी विचारत नाही. मग शाळांना सुट्टी लागते, एखाद्या जादूच्या कादंबरीवरचा सिनेमा येतो आणि डोअरकीपर आम्हाला बाहेर काढून, दणादणा आपटून धूळ झटकतो. तेवढा मार खायला मला आनंदच होतो.

या डोअरकीपरला मुलं बॅटरीमामा म्हणतात. माणूस कमी बोलतो, पण त्याची एक रीत आहे. मुलांचा सिनेमा आला की पहिला खेळ तो स्वतः आत उभा राहून बघतो. पुढच्या खेळांना डावीकडचं दार किंचित उघडं ठेवतो, म्हणजे ज्याला भीती वाटेल त्याने बाहेर जावं, पाणी प्यावं, वाटलं तर परत यावं. आणि तिकिटं फाडताना आईबापांना हळूच सांगतो, सिनेमा कुठे हसरा आहे, कुठे जड आहे. गोष्ट मात्र फोडत नाही. पोस्टरवर ‘सहकुटुंब पाहावा असा’ छापलेलंच असतं. पण छापणाऱ्याने तुमचं कुटुंब कुठे पाहिलेलं असतं?

इतकी वर्षं मुलांच्या खाली राहून मला एक गोष्ट समजली. मूल घाबरलं की आधी पाय वर घेतं. तोंड नंतर करतं. आणि ते घाबरतं ते आईबापांना वाटतं तिथे नव्हे. पडद्यावर राक्षस आला की बाप लगबगीने पोराच्या डोळ्यांवर हात धरतो, आणि पोरगं त्याच्या बोटांच्या फटीतून मजेत राक्षस बघतं. थोड्या वेळाने बाजाराच्या गर्दीत सिनेमातल्या आईचा हात मुलाच्या हातातून सुटतो. तेव्हा बाप लाह्या खात असतो, आणि माझ्यावरचं पोर दगड होऊन बसलेलं असतं. मोठी माणसं राक्षस मोजतात, मुलं आपली माणसं मोजतात. सिनेमा संपल्यावर हाच बाप दारात म्हणतो, “छान होता, पण पुस्तकाची सर नाही.” पुस्तक त्याने वाचलेलं असतंच असं नाही.

तर एका सुट्टीत गडगड्याचा सिनेमा आला. गडगड्या म्हणजे पंख असलेला म्हातारा गेंडा. देह डोंगराएवढा, पंख पोपटाएवढे, आणि स्वभाव एकदम खडूस. दोन बहीणभावंडांना पाठीवर घेऊन तो धुक्याचा समुद्र ओलांडतो, अशी ती कादंबरी. मुलांनी ती इतकी वाचली होती की रांगेतच एकमेकांना पुढचे संवाद ऐकवत होती.

त्या रांगेत एक मुलगी होती. बोलण्यात कुणाला हार जायची नाही, म्हणून तिची आई तिला वकीलबाई म्हणायची. बरोबर आई होती आणि आईचे वडील, म्हणजे आजोबा. आजोबांनी जन्मभर बस चालवलेली. खांदे अजून रुंद होते, पण कोट त्या खांद्यांवर सैल झाला होता. वकीलबाई त्यांचं बोट सोडत नव्हती, कारण गडगड्याचं सगळं पुस्तक तिला आजोबांनी वाचून दाखवलं होतं. रोज जेवणं झाली की एक प्रकरण, गेंड्याच्या घोगऱ्या आवाजासकट.

“मामा, मला शेवटपर्यंत सगळं माहितीय,” तिने बॅटरीमामाला बजावलं. “शेवटी गडगड्याचे पंख थकतात. मग त्याला गरम पाण्याचा झरा सापडतो आणि तो तिथेच राहतो. पंख शेकत.”

मला काखेत धरून उभा असलेला बॅटरीमामा थबकला. त्याने आजोबांकडे पाहिलं. आजोबांना नेमका तेव्हाच खोकला आला.

“आजोबा, मध्यंतरानंतर जरा जड आहे,” तो हळूच म्हणाला.

“असू द्या हो. जडबिड ते पुस्तकात. सिनेमावाल्यांना झेपतंय होय?”

मी खुर्चीवर ठेवली गेले, वकीलबाई माझ्यावर चढली आणि जाहिराती सुरू झाल्या. तिच्या डोक्यावरून आईने कुजबुजत विचारलं, “बाबा, झऱ्याचं खरंच आहे ना पुस्तकात?”

“पुस्तकात काय आहे ते राहू दे. सिनेमावाले कधी पुस्तकासारखं दाखवतात का? शेवट तर हमखास गोड करतात. पोस्टरवर बघ, कसा हसतोय गेंडा.”

इथे आजोबांचा अंदाज सपशेल चुकला. सगळे सिनेमे पुस्तक बदलतात, ही जगाची तक्रार. आणि या एका सिनेमाने नेमकं काहीही बदललं नव्हतं. बदललं होतं ते आजोबांनीच.

मध्यंतरापर्यंत वकीलबाई माझ्यावर नुसती उड्या मारत होती. गडगड्या शिंकला की हसत होती, राक्षसी खेकडे आले तेव्हा तर टाळ्या पिटत होती. मग धुक्याचा समुद्र आला. गेंड्याचे पंख अडखळायला लागले. त्याने शेवटचा जोर करून दोन्ही मुलांना किनाऱ्याच्या वाळूत उतरवलं आणि स्वतः लाटांच्या कडेला आडवा झाला. वकीलबाईचे पाय वर आले. ती झऱ्याची वाट बघत होती. झरा काही आला नाही. गडगड्याचा बारीकसा डोळा मिटला, आणि संगीतही थांबलं.

वकीलबाई बुटांसकट माझ्यावर उभी राहिली.

“खोटं आहे हे! चुकीचं दाखवलंय! तो झऱ्यावर जातो!”

“शू! खाली बस गं,” कुठूनतरी आवाज आला. मागच्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी मांडीवर पुस्तक घेऊनच बसली होती. ती बिचारी समजुतीने म्हणाली, “अगं, मरतोच तो. पुस्तकातपण मरतो. आम्ही दोनदा वाचलंय.”

“आजोबा, सांगा ना हिला!”

घाटातली वळणं डोळे मिटून घेणारा माणूस, पण त्या वेळी आजोबांनी मान खाली घातली. वकीलबाईने थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती खाली उतरली, मला पोटाशी कवटाळलं आणि डावीकडच्या दारातून बाहेर चालती झाली.

जिन्याच्या पायरीवर तिने मला टाकलं आणि वर बसकण मारली. मागून आजोबा आले, कठडा धरून एकेक पाऊल टाकत. त्यांच्यामागे आई. आजोबा शेजारच्या पायरीवर बसले तेव्हा त्यांना दम लागला होता.

“तुम्ही बदललंत?” वकीलबाईने विचारलं.

“हो.”

“का?”

“त्या पानापाशी आलो आणि मला वाचवेचना गं. तू माझ्याकडे बघत होतीस. मग तोंडाला येईल ते सांगत सुटलो. झरा काय, पंख शेकणं काय.”

“झरा तर मला सगळ्यात जास्त आवडला होता!” असं म्हणून तिने मला एक गुद्दा मारला. मग आणखी दोन. मी मुकाट्याने खाल्ले. तिला मारायला कुणीतरी हवंच होतं, आणि आजोबांना मारण्यापेक्षा मी बरी.

मग ती एकदम थांबली. तिची बोटं माझ्यात रुतलेली मला कळत होती.

“अजून काय काय बदललंत?”

आजोबा कोटाचं बटण चाचपायला लागले.

“तुम्ही मंगळवारी पत्ते खेळायला जाता. आल्यावर जेवत नाही. झोपूनच राहता. पत्ते खेळून कुणी एवढं दमतं का?”

खरं सांगते, मला वकीलबाईची त्या क्षणी भीती वाटली. आत पडद्यावर ढोल वाजायला लागले होते. आई काही बोलायला गेली, तिला आजोबांनी हातानेच थांबवलं.

“नाही दमत,” ते म्हणाले. “पत्ते नाहीत. मंगळवारी मी दवाखान्यात जातो. सुई लावतात, बाटलीतलं औषध चढवतात. पोटात एक आजार झालाय, त्यावर.”

“आई, तुला माहीत होतं?”

“होतं,” आई म्हणाली.

“मग काय मीच तेवढी लहान?”

आईने डोळ्यांना पदर लावला आणि तिच्यापुढे पायरीवर खाली बसली. “चुकलंच आमचं,” ती म्हणाली. “मी बाबांना म्हणत होते सांगूया म्हणून, पण माझीही जीभ रेटत नव्हती.”

“बरे होणार का तुम्ही?” वकीलबाईने आजोबांना विचारलं. आवाज आता वकिलाचा राहिला नव्हता.

“डॉक्टर म्हणतात, बघू. मीही म्हणतो, बघू. यातला एक शब्द बदललेला नाही.”

मग ती रडली. आजोबांच्या सैल कोटात तोंड खुपसून हुंदके देत रडली, आणि आजोबा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. इतकी वर्षं मुलं माझ्यावर रडली, पण ती सगळी पडद्यावरच्यांसाठी. हे रडणं निराळं होतं, आणि मला फार वाईट वाटलं. तरी एक सांगते, त्या रडण्यानंतर ती आजोबांना आधीपेक्षा जास्त चिकटून बसली.

बॅटरीमामा पाण्याचा पेला घेऊन आला. म्हणाला, “शेवट राहिलाय अजून. यायचंय का?”

वकीलबाईने नाक पुसलं. “शेवट तरी खरा सांगितलात का?” तिने विचारलं.

“अगदी तंतोतंत,” आजोबा म्हणाले. “मुलं घरी पोचतात. आणि पुढे जो भेटेल त्याला गडगड्याची गोष्ट सांगतात.”

ते तिघं आत गेले. मी पुन्हा खुर्चीवर. उरलेला वेळ वकीलबाई हललीसुद्धा नाही.

त्यानंतर सुट्टी संपली, मी कपाटात गेले. बादलीशेजारी बसून मी त्या मंगळवारांचा विचार करायची. गादीला कोण येऊन सांगणार, दवाखान्यात काय झालं ते? तुम्ही म्हणाल, मुलांना असले सिनेमे दाखवावेत का? मला काय कळतंय त्यातलं, मी स्पंजाने भरलेली. काही सिनेमे उगाच रक्त सांडतात, ते नकाच दाखवू. पण ज्या गोष्टीत कुणी आवडतं मरतं, तिथून मुलाला पळवून नेऊ नका. शेजारी बसा. आधी स्वतः वाचा, आणि हुंदका आला तर तो मुलासमोर येऊ द्या, एवढंच माझं मागणं आहे.

आज पुन्हा सुट्टी आहे. कादंबरीचा दुसरा भाग लागलाय, आणि बॅटरीमामाने सकाळीच आम्हाला झोडपून काढलं. दार उघडल्यावर रांगेतून एक उंच झालेली मुलगी पुढे आली.

“मामा, एक गादी द्या.”

“तुला कशाला? आता तुला सगळं दिसेल की.”

“मला नको. आजोबांना. खुर्ची टोचते त्यांना.”

आजोबा आईचा हात धरून मागे उभे होते. डोक्यावर केस नाहीत, कानटोपी. कोट तर जणू दुसऱ्याच कुणाचा. वकीलबाईने मला खुर्चीवर ठेवलं, दोन्ही हातांनी थोपटून सारखं केलं आणि आजोबांना जपून बसवलं. ते बसले तेव्हा माझ्या जिवाला चटका लागला. मागच्या खेपेला ही पोर जेवढी होती, त्याहून ते फार काही जड नव्हते. पण ते आलेत. आत्ता, मी तुमच्याशी बोलतेय तेव्हा, ते माझ्यावरच बसलेत.

दुसरा भाग या वेळी वकीलबाईने त्यांना वाचून दाखवलाय. आजोबांसारखाच घोगरा आवाज काढून, आणि एक ओळही न गाळता. हे ती आत्ताच बॅटरीमामाला ऐकवत होती.

दिवे मंद होताहेत. सिनेमा सुरू झाल्यावर बोलू नये, हा इथला नियम, तेव्हा मलाही आता गप्प बसायला हवं. इतक्यात वकीलबाई आजोबांच्या कानाशी वाकली.

“आजोबा, यात ती बहीण हरवते, तो भाग तुम्हाला त्रास देतो ना? तेव्हा हवं तर डोळे मिटा. काय झालं ते मी सांगेन. जसं झालं तसंच.”

आजोबांनी तिचा हात आपल्या हातात घेतला.

“नको,” ते म्हणाले. “दोघं मिळून बघू.”