अर्धा नमान

"अर्धा खाल्लास," मी म्हणाले आणि अपोलिनच्या मनगटावर चापट मारली.

"काय खाल्लं? सकाळपासून पेजेचा घोट नाही पोटात."

"नमान खाल्लास. 'भागेवंते मारिये' म्हणालीच नाहीस. तुझे ओठ बघत होते मी."

नमान म्हणजे आमची मारियेमातेची प्रार्थना, पण अपोलिन हसायला लागली. कामावरचा तिचा पहिलाच दिवस होता, आणि कौलांच्या कारखान्यात पहिल्या दिवशी हसणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. नवरा जाऊन वर्ष झालेलं, वय तिशीच्या पुढे, रोज होडीने नदी ओलांडून यायची. हात मात्र भलताच चलाख होता. मातीची ओली लादी अशी उचलायची की एक कोपरा दुमडायचा नाही. मला त्या चलाखीचीच भीती वाटली.

"हे बघ," मी तिला म्हणाले, "लादी साच्यावर ठेवायची, कडा बसवायच्या. तोवर नमानाचा पहिला भाग होतो. 'भागेवंते मारिये' सुरू झालं की दोन्ही हात पोटाशी. वरचा साचा येतो, दाबतो, परत जातो. आमेन. मग कौल काढायचं. आमेनच्या आधी हात आत घातलास तर मारिया सायबिणीलासुद्धा काही करता यायचं नाही."

"आणि हिंदू बायका काय म्हणतात?"

"ते जत्तप्पा मेस्त्रीला विचार."

जत्तप्पा आमच्या रांगेचा मेस्त्री. रोज सकाळी इंजिनाचा पट्टा चढवण्याआधी तो मोठ्या चाकाला हात लावून कपाळाला लावायचा आणि आपल्या दैवाचं, गावच्या राखणदाराचं, नाव घ्यायचा. त्याने तिथूनच ओरडून सांगितलं, "तुमची मेरी आणि माझा दैव, दोघं मिळून कारखाना चालवतात बाय! शेठ नुसता चहा पितो!"

ही रीत माझी नव्हती, माझ्या आईची होती. आईने त्याच रांगेत सव्वीस वर्षं काढली. तिच्या बरोबरीच्या दोघींची बोटं त्या साच्याखाली गेली. आई गेली तेव्हा शवपेटीत तिचे हात जुळवून त्यांत माळ गुंडाळली होती आणि बोटं दहाच्या दहा होती. कारखान्यातल्या बायका रडता रडता तिची बोटं बघत होत्या. तेव्हापासून मी कारखान्यात जरा तोऱ्यातच वावरायचे, खोटं कशाला सांगू. नव्या बाईला शिकवायचं असलं की जत्तप्पा म्हणायचा, सेवरिनबायच्या शेजारी उभी करा.

मातीच्या हातांनी माळ धरता येत नाही, म्हणून आमची मोजणी बोटांवर असे. हात पोटाशी आले की एक बोट दाबायचं. एका नमानाला एक बोट, एका बोटाला एक कौल. दहा बोटं झाली की फळी भरली आणि रोझरीतला एक दहाचा फेरा झाला. डोकं घरी गेलं, चुलीवर गेलं, पोरांवर गेलं, तरी त्या बोटाला धरून परत यायचं. दिवसभरात किती रोझऱ्या होत ते देवाला ठाऊक. चर्चमधले पाद्र्याबसुद्धा एवढं म्हणत नसतील, असं अपोलिन म्हणायची.

पहिल्या आठवड्यात तिने आणखी दोनदा नमान अर्धा सोडला. मग मी तिला खांबावरच्या चित्रासमोर नेलं. सायबिणीचं ते चित्र आईनेच चिकटवलेलं, भट्टीच्या धुराने काळवंडलेलं.

"शपथ घे. अर्धा नमान म्हणणार नाही."

"एवढं काय गो सेवरिनबाय? घाईत कधीतरी..."

"देवाच्या आईला अर्ध्या वाटेत सोडायचं नाही. घे शपथ."

तिने घेतली. हसत नव्हती तेव्हा. वर्षभरात ती माझ्यापेक्षा पक्की झाली. आमची प्रेसं समोरासमोर होती. पट्ट्यांच्या आवाजात शब्द ऐकू यायचा नाही, पण ओठ दिसायचे. तिचे आणि माझे ओठ बरोबर चालायचे आणि आमेनला दोघी एकमेकींकडे बघायचो. कधी ती डोळा मारायची. आमेनला डोळा मारणारी बाई सायबिणीने कशी सहन केली कोण जाणे. मला मात्र ती फार आवडायला लागली होती. घरी माझ्याशी एवढं बरोबर कुणीच चालत नव्हतं.

मग मोटर आली.

जुनं इंजिन काढून शेठने विजेची मोटर बसवली. नारळ फुटला, पेढे वाटले. पट्टे चढले आणि पहिल्याच लादीला माझा नमान अजून पहिल्याच भागात, 'सोमी तुजेकडे'पाशी असताना वरचा साचा माझ्या नखांवर आला. मी हात ओढला. लादीची कड वाकडी दाबली गेली. समोर अपोलिननेही हात ओढला होता. जत्तप्पा वर शेठकडे जाऊन आला आणि मान हलवत म्हणाला, "वेग कमी करा म्हणून सांगून बघितलं. म्हणतात, महिनाभरात बायकांना सवय होईल."

मला दोन दिवसांत सवय झाली. कशी झाली ते सांगते. हात आत जाताना मी म्हणायचे 'जेजू'. बाहेर येताना 'मारी'. बस्स. दोन शब्द. त्यात सव्वीस वर्षं नव्हती, आई नव्हती, पण बोटं होती. ओठ मात्र मी हलवत राहायचे, पूर्ण नमान म्हणतेय असे. समोरून अपोलिन बघत होती ना.

शनिवारी पापनिवेदनाला गेले. सुनेशी भांडले ते सांगितलं, शेजारणीचा हेवा केला ते सांगितलं. हे नाही सांगितलं.

पाचव्या-सहाव्या दिवशी पेजेच्या सुट्टीत अपोलिन माझ्याजवळ येऊन बसली. पेजेबरोबर लोणच्याची फोड तिने माझ्या ताटलीत टाकली.

"सेवरिनबाय, नमान पुरत नाही गो. मध्येच साचा येतो. काय करू?"

आजूबाजूला चार बायका बसलेल्या होत्या. त्यांतल्या दोघींना मीच शिकवलं होतं. मी फोड चोखली आणि म्हणाले, "जीभ लवकर चालव. भक्ती कमी पडतेय तुझी."

हे शब्द माझे. मी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारू शकत नाही, मोटरच्या नाही, शेठच्या नाही. त्या क्षणी नुसतं म्हटलं असतं, बाई, मीही सोडलाय, तूही सोड, तर काय झालं असतं? चार बायका हसल्या असत्या. एवढंच.

अपोलिनने मान हलवली. तिची जीभ खरंच लवकर चालायला लागली. समोरून तिचे ओठ थरथरल्यासारखे दिसायचे. आता ती आमेनला माझ्याकडे बघत नव्हती, तेवढा वेळच उरला नव्हता.

गुरुवारी पेज पिऊन उठलो, त्यानंतर थोड्याच वेळात झालं. मी किंकाळी ऐकली नाही. तिच्या प्रेसचा आवाज बदलला म्हणून वर बघितलं. अपोलिन उभी होती, डावा हात साच्यात होता आणि ओठ हलत होते. ती आई गं म्हणत होती की उरलेला नमान पुरा करत होती, मला आजवर कळलेलं नाही. जत्तप्पाने धावत येऊन पट्टा उतरवला. डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

अकरा दिवस मी तिच्याकडे गेले नाही. आज जाते, उद्या जाते. बाराव्या दिवशी कामावरून तशीच होडीत बसले. हातात केळ्यांची फणी होती, नखांत माती होती.

ती ओसरीवर बसली होती. हाताला पांढरं बँडेज. मला बघून म्हणाली, "आलीस? मला वाटलं पाद्र्याबला पाठवशील."

मी केळी ठेवली. उभीच राहिले.

"बस की. शपथ घ्यायला लावणार नाही तुला."

तरी मला बसवेना. बोलायचं ठरवून आले होते. "अपोलिन, मी पूर्ण नमान म्हणत नव्हते. मोटर आल्यापासून. दोनच शब्द म्हणायचे. ओठ नुसतेच हलवायचे."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"वर्षभर तुझे ओठ बघून शिकले मी. तुझा 'आमेन' कसा दिसतो ते मला माहीत नाही होय? दुसऱ्याच दिवशी कळलं."

"मग तू का नाही सोडलास?" मी जवळजवळ ओरडलेच. "का नाही सोडलास गो?"

ती केळ्यांकडे बघत म्हणाली, "शपथ तू घातली होतीस. सोड म्हणून तू सांगशील असं वाटलं. म्हणून तर विचारायला आले तुला. लोणचं घेऊन."

मी खाली बसले. रडले. तिने मला गप्प केलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने नदीवरून चर्चच्या तिनसांजेच्या घंटेचा आवाज आला. आत तिच्या सासूने मेणबत्ती लावली.

"रोझरीची वेळ झाली," अपोलिन म्हणाली. "सासू बहिरी आहे, ती तिचं वेगळं म्हणते. बसतेस?"

"माळ आणू आतून?"

"नको. माळ घेतली की मला झोप येते. आपली मोजणी बोटांवरची."

तिने सुरुवात केली. सावकाश, एकेक शब्द पुरा. घाई कसलीच नव्हती. पहिला भाग ती म्हणायची, दुसरा मी. उजव्या हाताची पाच बोटं झाली. मग तिने बँडेजमधून बाहेर आलेला अंगठा दाबला, मग करंगळी. सात झाले. आणि ती थांबली.

होडीवाला पलीकडे कुणाला तरी हाका मारत होता.

अपोलिनने माझ्याकडे न बघता उजवा हात पुढे केला आणि माझा हात ओढून मांडीवर घेतला. माझं अंगठ्याशेजारचं बोट धरलं. "नमान मारिये," ती म्हणाली. मग मधलं. मग त्याच्या शेजारचं. तिची पकड घट्ट होती, मातीची लादी उचलताना असायची तशी.

दहावा आमेन झाल्यावर तिने हात सोडून दिला आणि पुन्हा स्वतःच्या उजव्या हातावरून मोजायला लागली. सातवा नमान संपत आला तेव्हा मी हात पदराला पुसला आणि आपण होऊन तिच्या मांडीवर ठेवला.