मोठ्या साहेबांसमोरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि माझी पाठ अजून नवीकोरी आहे. ही काही फुशारकी नव्हे.

मला घडवणाऱ्या सुताराने माझ्या पाठीला हलका बाक दिला आणि तीन दिवस ती घासली. "हिला टेकलं की माणूस घरी जायचं विसरेल," असं तो बायकोला म्हणाला. भाबडा! मी येऊन पडले पलटणीच्या कचेरीत, मोठ्या साहेबांच्या टेबलासमोर. इथे हाताखालची माणसं आधी उभी राहतात. "बसा" म्हटल्यावर बसतात, तेही पुढच्या काठावर, चार बोटं जागेत, टोपी गुडघ्यावर ठेवून. टेकणं म्हणजे उद्धटपणा. पहिल्या वर्षी येणारे-जाणारे माझं कौतुक करायचे. पुढे सगळा भार सोसून माझा पुढचा डावा पाय झिजला, मी डुगडुगू लागले. कोणी लक्ष दिलं नाही.

एके दिवशी गाड्यांच्या दुरुस्तीखान्यातले सार्जंट आले. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. त्यांच्या वार्षिक अहवालात बदलून गेलेल्या साहेबांनी शेरा मारला होता, "आज्ञापालनात कुचराई". तो राहिला तर बढती नाही, आणि त्यांच्या वयाला बढती नाही म्हणजे दोन महिन्यांत घरी. क्वार्टर सोडायचं, तेही मुलीच्या शाळेच्या शेवटच्या वर्षात. बायकोने कागदावर चार मुद्दे लिहून दिले होते. पहिलाच होता, आवाज चढवायचा नाही.

"बोला, मिस्त्री," नवे साहेब म्हणाले.

"साहेब, जुन्या साहेबांबद्दल मला आदरच आहे. पण जो ट्रक बाहेर काढायला त्यांनी सांगितलं, त्याचे ब्रेक लागत नव्हते. मी नाही म्हणालो ते ट्रकला, साहेबांना नव्हे."

साहेब हसले. माणूस चांगला होता. दुरुस्तीची वही मागवून त्यांनी नीट वाचली. "तुमचं खरं आहे," ते म्हणाले. मग त्यांची नजर शेऱ्याच्या तारखेवर गेली. "पण हरकत पंधरा दिवसांत यायला हवी होती. आज अठरावा. अहवाल परवाच वर गेला."

"मी दुसऱ्याच दिवशी भेटीचा अर्ज दिला होता, साहेब. आमच्या कॅप्टनसाहेबांच्या टेबलावर, आधी त्यांची सही लागते. ते सरावाला गेले होते. आज सकाळी आले, लगेच सही दिली."

"अहो, मग सरळ माझ्याकडे यायचं! दहा पावलांवर तर दार आहे."

"कॅप्टनसाहेबांना डावलून कसा येणार, साहेब? मग तो शेरा खराच ठरला असता."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "मी लिहून बघतो," ते म्हणाले.

मित्रांनो, या खोलीतलं "लिहून बघतो" मी पुष्कळदा ऐकलंय. मिस्त्रींनीही ऐकलं असावं. "आभारी आहे, साहेब," म्हणून ते उठले, तशी मी डुगडुगले. त्यांना राहवेना. खाली बसून त्यांनी हातातल्या, बायकोने दिलेल्या कागदाची आठ पदरी घडी केली, माझ्या पायाखाली सरकवली, हाताने दाबून पाहिलं.

"आता नाही हलायची."

"वा! अशी माणसं हवीत आपल्याला," साहेबांच्या तोंडून निघून गेलं. मग ते खिडकीकडे पाहू लागले. मिस्त्रींनी टोपी चढवली, सलाम केला आणि गेले.

दोन महिन्यांनी त्यांचं क्वार्टर दुसऱ्याला मिळालं. वरून उत्तर आलं नाही. मी आता हलत नाही. केर काढणारा माझ्या पायाखालच्या घडीला वळसा घालून जातो, तेवढंच.

मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही टेबलापलीकडे बसाल. समोरच्याला नुसतं "बसा" म्हणू नका, "टेकून बसा" म्हणा. आणि तो इथे यायला कधी निघाला होता, तेही विचारा. माझ्या खोलीत कोणी विचारेल असं मला वाटत नाही. आताच दार वाजलं. कोणीतरी आत आलंय, आणि उभं आहे.